हात लावते हं

आमच्या बाई मेलेल्या माणसाशी बोलायच्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

वॉर्डात कुणी गेलं, डॉक्टर नाडी बघून मान हलवून निघून गेले, नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवलं, की बाई पडदा ओढून आम्हा शिकाऊ पोरींना आत घ्यायच्या. प्रेत पुसायचं, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, ही सगळी कामं नर्सची. बाई पलंगाच्या उजव्या अंगाला उभ्या राहायच्या, दोन्ही तळवे काखेत घालून गरम करायच्या, आणि म्हणायच्या, "बाबा, हात लावते हं." मग थांबायच्या. अगदी खरोखर थांबायच्या हो, समोरचा 'बरं' म्हणेल म्हणून. आणि मग एकेक सांगत काम करायच्या. "आता डावा हात उचलते. आता कुशीवर वळवते, पाठ पुसायचीय. पाणी कोमट आहे, घाबरायचं नाही."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या शेजारच्या पोरीला हसू फुटलं. भीतीनं फुटतं तसलं हसू. ते लपवायला तिनं विचारलं, "बाई, पण ते नको म्हणाले तर?"

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार! पण बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फडकं पिळत म्हणाल्या, "नको म्हणाले तर हात मागे घ्यायचा. जित्यानं म्हटलं तरी, मेल्यानं म्हटलं तरी."

एवढं एक वाक्य बाईंच्या सगळ्या शिकवण्याचा गाभा होता, आणि तेच त्यांनी एकदा मोडलं. मी म्हातारी झाले, नोकरीतून निवृत्त झाले, नातवंडं झाली, पण त्या मोडण्याचा राग माझा अजून गेलेला नाही. बाईंवरची माया पण गेलेली नाही. दोन्ही एकत्र नांदतात. एका घरात दोन सुना नांदतात तशी, रोज भांडत.

ही गोष्ट वसईत टांगे होते तेव्हाची. गावात एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं आणि त्याला जोडून आमचा नर्सिंगचा वर्ग. सकाळी वॉर्डात काम करायचं, दुपारी फळ्यासमोर बसायचं. दोन्हीकडे शिकवायला बाईच. भुईगावच्या एका ख्रिस्ती बागायतदार घरातल्या, बिनलग्नाच्या. पांढरी साडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, आणि केसांचा हा एवढा अंबाडा. उंची बेताची, पण आवाज असा, की पुरुषांच्या वॉर्डात बोलल्या तर बाळंतिणींच्या वॉर्डातली पोरं रडायची थांबत. हॉस्पिटलात सगळेच त्यांना नुसतं बाई म्हणायचे. डॉक्टरसुद्धा.

बाईंच्या तऱ्हा सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी तिला पेशंटला हात लावू द्यायच्या नाहीत. तिलाच खाटेवर झोपवायच्या, कांबळं घालायच्या, आणि हुकूम सोडायच्या, "आता उठायचं नाही. तहान लागली तर हाक मार. लघवीला लागली तर हाक मार." आणि मुद्दाम कुणी तिकडे फिरकायचं नाही. दुपारी येऊन विचारायच्या, "काय दिसलं?" मी म्हटलं, "काही नाही बाई, छत दिसलं." "छतावर काय?" मला सांगता येईना. "कोळिष्टक आहे पंख्याच्या दांडीला. आणि पावसाचा एक डाग आहे, घोड्याच्या तोंडासारखा. त्या खाटेवरचा माणूस महिना महिना तोच घोडा बघत पडतो. आता जा, झाडू घे आणि कोळिष्टक काढ. घोडा राहू दे."

इंजेक्शन द्यायला आम्ही केळीच्या खुंटावर शिकलो. घड उतरवल्यावर केळ तोडतात, तो खुंट आमच्या वाडीतून मीच आणायची, सायकलच्या मागे बांधून. बाप म्हणायचा, "शिकायला चाललीस का बाजाराला?" बाई खुंटावर टिचकी मारून सांगायच्या, "वरचं सोपट कातडी, आतलं चरबी, त्याच्या आतलं मांस. हाताला कळलं पाहिजे सुई कुठे पोचली ते. केळ बरी, बिचारी ओरडत नाही." केळीचा चीक लागून आमचे पांढरे एप्रन काळे व्हायचे. तो डाग कशानंही निघत नाही. बाईंच्या पोरी म्हणून आम्ही स्टेशनवरसुद्धा ओळखू यायचो.

आणि शीर शोधायची तालीम तर आणखीच अजब. बाई अंबाड्यातला एक लांब केस उपटायच्या, टेबलावर ठेवायच्या, वर वर्तमानपत्राचं एक पान. डोळे मिटून नुसत्या बोटांनी केस कुठे आहे ते दाखवायचं. जमलं की आणखी एक पान. मग आणखी एक. "डोळ्यांनी शीर शोधाल तर गोऱ्या, धडधाकट माणसालाच वाचवाल," बाई म्हणायच्या. "हगवणीनं सुकलेल्या पोराची शीर डोळ्याला दिसत नसते. ती बोटालाच भेटते." म्हणून बोटांवर त्यांचा भारी डोळा. घरी राखेनं भांडी घासायची नाहीत, पाट्यावर वाटायचं नाही, रोज खोबरेल चोळायचं. माझी आई कपाळावर हात मारून घ्यायची. "नर्स करतायत का राणी सरकार?"

रागीट तर अशा, की विचारू नका. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण त्यातही एक तऱ्हा होतीच. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ असतो, त्यात कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं. बाई रागावणं सोडायच्या. ते सोडायला त्यांना मटणापेक्षा जड जायचं, हे उघड दिसायचं. आम्ही थर्मामीटर फोडला, सलाईनची बाटली रिकामी होऊ दिली, काही केलं तरी बाई ओठ घट्ट मिटायच्या, लाल व्हायच्या, आणि एक बोट वर करून एवढंच म्हणायच्या, "ईस्टरला बोलू." आम्हा हिंदू पोरींनासुद्धा उपासकाळ कधी बसतो ते पाठ झालं होतं. आणि ईस्टर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला ओळीत उभं करून प्रत्येकीचं साठलेलं काढायच्या. काय तो पाऊस! त्या काही विसरायच्या नाहीत. शिव्या संपल्या की घरनं आणलेली केकची तुकडी हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा. आता नवं वर्ष धरू."

आमच्या वर्गात हिरा नावाची पोरगी होती. जूचंद्रची, मिठागरात काम करणाऱ्या घरातली. अंगानं काडी, रंगानं सावळी, बोलायला लाजाळू. 'पानी' म्हणायची म्हणून पहिले काही दिवस पोरी तिला चिडवायच्या. बाईंना कळल्यावर चिडवणं बंद झालं, कसं ते सांगत नाही. तर ही हिरा केसाच्या तालमीला बसली, आणि आम्ही बघतच राहिलो. आमची मजल दोन-तीन पानांपर्यंत. हिराच्या बोटांखाली बाई पानं वाढवत गेल्या, वाढवत गेल्या, अख्खं वर्तमानपत्र झालं. हिरानं डोळे मिटून बोट ठेवलं, "हितं हाय, बाई." बाईंनी पानं उचलून पाहिलं. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं खोकला आला असेल. खोकला नव्हता.

तेव्हापासून हिरा त्यांची. तसं कधी बोलून दाखवलं नाही, उलट सगळ्यांत जास्त शिव्या तिलाच. पण सुकलेलं पोर आलं, म्हातारा आला, शीर मिळेना झाली, की बाईंची हाक जायची, "हिराऽ!" आणि ती यायची, तळवे काखेत घालायची, पोराच्या कानाशी वाकून म्हणायची, "हात लावते हा, बाला." आणि पहिल्या टोचण्यात सुई आत.

आता दुसरी बाजू सांगते. त्या वर्षांत वसईतल्या नर्सेस आखातात जायला लागल्या होत्या. कुवेत, मस्कत, दुबई. एक जायची, तिकडून टू-इन-वन रेडिओ पाठवायची, घराला स्लॅब पडायचा, की शेजारच्या घरातली दुसरी तयार. बाईंनी शिकवलेली पोरगी म्हटली की तिकडे डोळे झाकून घ्यायचे. म्हणजे बाई जितकं चांगलं शिकवणार तितक्या लवकर पोरी उडणार. वॉर्डात उरायच्या आया, नाहीतर माझ्यासारख्या बेताच्या. एकदा बाई औषधाच्या कपाटाशी उभ्या राहून बिनदुधाचा चहा पीत होत्या, खुर्चीवर म्हणून कधी बसायच्या नाहीत, आणि मला म्हणाल्या, "मी विहीर खणते गं. पाणी लागलं की ते कुवेतला जातं. हितली माणसं कोरडी ती कोरडी." मी म्हटलं, "बाई, त्यांच्या घरचं भलं होतं ना." "होतं. भलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर मला कुणाला अडवता येत नाही." पेला विसळला आणि गेल्या.

हिराला जायचं होतं. आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त तिलाच जायचं होतं, आणि स्लॅबसाठी नव्हे. दुपारी डबा खाताना मला एकदा म्हणाली, "माजा बा म्हनतो कोर्स जाला का लगीन. मुलगा पन बघलाय, मिठागरातलाच. लगीन जालं का माजी नोकरी गेली. दूर गेली, पैसा धाडला, तर चार वर्सं तरी कोन काय बोलनार नाय." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी विचारलं, "बाईंना सांगितलंस?" "बाईंना ठाव हाय," ती म्हणाली.

उपासकाळात आखातातल्या एका हॉस्पिटलची माणसं पोरी बघायला आली. एक डॉक्टर, एक मेट्रन. त्यांना सर्टिफिकिटं नको होती, पोरी काम करताना बघायच्या होत्या. सकाळी बाईंनी कामं वाटली. हिला ड्रेसिंग, तिला इंजेक्शन, मला आजोबांचं स्पंजिंग. हिरा शेवटी उभी होती, केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले, एप्रन घरून नीळ घालून आणलेला. तिच्याकडे न बघता बाई म्हणाल्या, "तू बेडपॅनच्या खोलीत जा. सगळी भांडी फिनेलनं घासून काढ. मी बोलावीन."

बोलावलं नाही.

पाहुणे फिरले, पोरींचे हात बघितले. मी हातमोजा उलटा चढवला आणि मेट्रन गालात हसली, त्यामुळे माझा निकाल तिथेच लागला. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. आईला तर पेढे वाटावेसे वाटले. पण निघताना त्या डॉक्टरनं विचारलं, "आणखी कोणी आहे?" मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी क्रूस मुठीत धरला होता. म्हणाल्या, "नाही. एवढ्याच."

मोटार फाटकाबाहेर पडली आणि हिरा व्हरांड्यात आली. हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या टोकांना पांढऱ्या सुरकुत्या. तिनं मोकळ्या फाटकाकडे पाहिलं, मग बाईंकडे. ओरडली नाही. रडली पण नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मना सांगाचं तरी व्हतं."

सांगायचं तरी होतं! ज्या बाई मेलेल्याला सांगितल्याशिवाय त्याचा हात उचलत नव्हत्या, त्यांनी या पोरीचं अख्खं आयुष्य उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि तिला ना सांगितलं, ना विचारलं. बाईंनी बोट वर केलं, आणि कसंबसं म्हणाल्या, "ईस्टरला बोलू."

ईस्टर झाला. आम्ही ओळीत उभ्या राहिलो. प्रत्येकीचं साठलेलं निघालं, माझ्या उलट्या हातमोज्यासकट. हिरापाशी आल्यावर बाई थांबल्या. तिचं काही काढलं नाही. केकची तुकडी तिच्या हातावर ठेवली आणि पुढे गेल्या. हिरानं ती खाल्ली नाही, खिडकीत ठेवली. कावळ्यानं नेली.

नंतर मी बाईंशी भांडले. होय, भांडले. तेव्हा शिकाऊ पोरीनं असं बोलायची पद्धत नव्हती, पण माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सगळ्या जातात गं. एक तरी राहू दे ना माझ्याजवळ." हे त्यांनी वॉर्डासाठी म्हटलं की स्वतःसाठी, मला सांगता येणार नाही. त्यांनाही येत नसावं.

आणि खोटं कशाला बोलू, हिरा राहिली त्याचा वॉर्डाला फायदाच झाला. कोर्स संपला, तिला तिथेच ठेवलं, मलाही ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात हगवणीची साथ आली तेव्हा बाकावर, जमिनीवर, व्हरांड्यात पोरं झोपवली होती. हिरा एकापासून दुसऱ्याकडे जायची, वाकायची, सांगायची, टोचायची. त्यातली कितीतरी पोरं आज बाप झालेली असतील आणि त्यांना माहीतही नसेल की आपण कुणाच्या बोटांमुळे आहोत. बाई लांबून बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं ते समाधान नव्हतं. चोरलेली वस्तू उपयोगी पडली की माणसाचं तोंड होतं, तसं काहीतरी.

हिरा बाईंशी कामापुरतं बोलायची. 'हो बाई', 'नाय बाई'. बस.

मग बापानं म्हटल्याप्रमाणे केलं. लग्न झालं, आणि सासूनं सांगितलं, "आमची सून परक्या पुरुषांची अंगं पुसनार नाय." नोकरी संपली. म्हणजे बाईंनी तिला ज्या वॉर्डासाठी अडवलं, तो वॉर्डही गेला आणि कुवेतही गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. पण धुपाटणं बाईंच्या हाती नव्हतं हो, हिराच्या हाती होतं. मिठाची पाटी होती तिच्या हाती.

बाई तिला परत मागायला जूचंद्रला गेल्या. मला बरोबर नेलं. भर उन्हात आम्ही बांधावरून चाललो, दोन्हीकडे पाणी आटवायचे चौकोन आणि मधूनमधून मिठाच्या पांढऱ्या राशी. डोळे दिपून पाणी यायचं. सासूनं दारातच बोळवण केली. परत येताना बायका ओळीनं पाट्या वाहताना दिसल्या, त्यात हिरा. पोटुशी होती. आम्हाला बघून थांबली, पाटी खाली ठेवली, कळशीतलं पाणी दिलं. दारात आलेल्या परक्याला देतात तसं. बाई म्हणाल्या, "हिरा, हात बघू." तिनं हात पदराखाली घेतला.

परतीच्या टांग्यात बसल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "तिची बोटं बघितलीस?" मी म्हटलं, "नाही." "मी बघितली," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाई ढासळत गेल्या. हात कापायला लागले. आधी चहाचा पेला वाजायचा, मग सुई धरता येईना. दिसायलाही कमी झालं. केसाची तालीम बंद पडली. उपासकाळ आला, गेला, आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कुणाला ओळीत उभं केलं नाही. नव्या पोरींना त्यांच्याविषयी आम्ही सांगायचो, तर त्यांना वाटायचं आम्ही थापा मारतो. पुढे तर त्या अगदीच उलट्या फिरल्या. वर्गात उभ्या राहून पोरींना सांगायच्या, "जा. पासपोर्ट काढा आणि जा. एकीनंही राहू नका. मी रडले तरी ऐकू नका." ट्रस्टींच्या कानावर गेलं. बाईंना काढलं नाही, पण त्यांचं शिकवणं थांबवलं, आणि वर्गच बंद झाला, शिकवणारं दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं. ते का, हे सांगायचं तर मे महिन्यातल्या त्या दुपारचं सांगावं लागेल, आणि ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

मिठाचा हंगाम संपत आला होता. त्या दिवसांत तिकडे गोड्या पाण्याचे हाल. जे मिळेल ते पितात. हिरा दुपारी वॉर्डाच्या दारात आली, खांद्यावर मुलगी. नुकती चालायला लागलेली असेल. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायला पाणी नाही. सकाळपासून जुलाब. सासू मांत्रिकाकडे नेते म्हणत होती, ही तशीच उठून, मिळेल त्या टेंपोत बसून आली होती. डॉक्टर आत ऑपरेशनला, एका बाळंतिणीचं पोट उघडलेलं. त्यांना हलता येणार नव्हतं. वॉर्डात मी, एक आया, आणि बाई.

चमच्यानं पाणी दिलं, गिळेना. सलाईन लावायलाच हवं होतं. मी कोपरात बघितलं, मनगटावर बघितलं, पायावर बघितलं. टोचलं. नाही. पुन्हा टोचलं. नाही. माझी बोटं दोन पानांची हो, अख्ख्या वर्तमानपत्राची नव्हती. बाईंनी सुई घेतली, आणि त्यांचा हात एवढा कापत होता, की त्यांनीच ती परत ट्रेमध्ये ठेवली. मग बाईंनी सवयीनं मारायच्या तशी हाक मारली. "हिराऽ!"

हिरा तिथेच उभी होती. पुढे आली. तळवे काखेत घातले. पोरीच्या कानाशी वाकली. "हात लावते हा, बाला." तिनं पोरीच्या घोट्यावर बोटं ठेवली, डोळे मिटले. बाई तिच्या बोटांकडे बघत होत्या, मी पण. टोकांना घट्टे पडलेले, मिठानं चिरलेले, पांढरे, कातडं वाळलेल्या चामड्यासारखं. बोट सरकलं, थांबलं, परत मागे आलं. हा पाय, तो पाय, मग हात, मग कपाळ. मी मनात म्हणत होते, हितं हाय म्हण. एकदा म्हण, हितं हाय.

हिरानं डोळे उघडले. "बोटांना कलत नाय, बाई," ती म्हणाली.

तिनं तरीही टोचलं. अंदाजानं. सुईत रक्त आलं नाही.

डॉक्टर धावत आले तेव्हा त्यांनी घोट्याशी चिरून शीर काढली, नळी घातली. हात सफाईचा होता त्यांचा. सलाईन थेंब थेंब चालू झालं, आणि थोड्या वेळानं आम्हाला कळलं, की ते आता कुणाला मिळत नव्हतं.

डॉक्टर नाडी बघून, मान हलवून निघून गेले. आयेनं पडदा ओढला. हिरा रडत नव्हती. पलंगाच्या डाव्या अंगाला उभी होती, पोरीच्या पायावर हात ठेवून. मी कोमट पाणी आणलं, फडकं आणलं. आता ते काम होतं आणि ते करायचं होतं, दुसरं काय?

बाई उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. तळवे काखेत घातले. नेहमी त्या गेलेल्याकडे बघून बोलायच्या. त्या दिवशी त्यांनी पोरीकडे बघितलं नाही, हिराकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

"हिरा," बाई म्हणाल्या, "हात लावू का गं?"

आणि थांबल्या.

हिरानं मान वर केली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ओढत नेत होतं.

"नको, बाई," हिरा म्हणाली.

बाईंनी हात मागे घेतला. अगदी शिकवलं होतं तसा. मला डोळ्यानं खुणावलं, आणि आम्ही दोघी पडद्याबाहेर येऊन उभ्या राहिलो. बाईंनी भिंतीला पाठ टेकली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

पडद्याआड फडकं पिळल्याचा आवाज आला. मग हिराचा आवाज, हळू, आणि स्पष्ट.

"हात लावते हा, बाला. पानी कोमट हाय, घाबराचं नाय. आता डावा हात उचलते."